सूट की ब्लेझर? कार्ड नीट वाचा

आमच्या बेळगावात दोन्हींना एकच शब्द: कोट. लग्नाला "कोट घालून ये" म्हणतात, शाळेच्या गॅदरिंगला पोराला लागतो तो कोट, आणि गल्लीतले निवृत्त सुभेदारकाका १५ ऑगस्टला पदकं लावून अंगात चढवतात तोही कोटच. घरात त्यानं काही अडत नाही. अडतं ते कार्डावर "ड्रेस: लाउंज सूट" छापून आल्यावर.

माझं असंच अडलं. कॅम्पात एका रात्रीच्या जेवणाचं बोलावणं होतं. लाउंज म्हणजे जरा ऐसपैस, असं मी माझं मीच ठरवलं आणि निळा ब्लेझर, बदामी पॅन्ट, गळा उघडा, असा थाटात गेलो. आत बघतो तर सगळ्यांच्या गळ्यात टाय. कुणी अवाक्षर काढलं नाही, पण यजमानांची नजर एकदा गळ्याशी आणि एकदा पॅन्टीशी थांबली, ती मला अजून दिसते.

हे नाव फसवंच आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले बडे लोक शहरात लांब फ्रॉक कोट घालायचे. आखूड कोटाचा सूट हा गावाकडच्या मुक्कामी, निवांत वेळी घालायचा पोशाख, म्हणून त्याला 'लाउंज' म्हटलं. पुढे लांब कोट मागे पडले आणि तोच निवांत पोशाख औपचारिक ठरला. नाव मात्र तेच राहिलं. आज लाउंज सूट म्हणजे पूर्ण सूट, बहुतेक वेळा टायसकट. बंदगळ्याचा कोट आणि त्याच कापडाची पॅन्ट आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी चालून जाते.

मग ब्लेझर कुठला? तो नदीवरून आलेला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ चा. त्याच्या वल्हेकऱ्यांच्या भडक लाल जाकिटांवरून हे नाव पडलं, असं मानलं जातं. म्हणजे जात्याच खेळाचा, क्लबाचा, पलटणीचा कपडा. धातूच्या गुंड्या, छातीवर चिन्ह, बाहेरून शिवलेले खिसे, ही त्याचीच खूण. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आमच्या गावात असल्यानं हा प्रकार आम्हाला लहानपणापासून दिसतो, फक्त त्याचं नाव वेगळं आहे हे ठाऊक नसतं. ब्लेझरची पॅन्ट वेगळीच असते, करडी किंवा बदामी. वेगळी दिसावी, हाच तर त्यातला डाव.

आणि सूट म्हणजे कोट-पॅन्ट एकाच ठाणातले, म्हणजे कापडाच्या एकाच ताग्यातले. "सारख्या रंगाचे" नव्हे, एकाच ठाणातले. हे मला शहापूरच्या आमच्या टेलरनी दाखवलं. जुन्या नेव्ही ब्लू कोटाला मॅचिंग म्हणून मी पॅन्टपीस घेऊन गेलो होतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही अगदी एक. त्यांनी काही न बोलता दोन्ही उचलले, बाहेर पायरीवर उन्हात धरले. एक जांभळटाकडे झुकला, दुसरा हिरवटाकडे. "अण्णा, रंग जुळला म्हणून कापड जुळत नाही," एवढंच म्हणाले आणि पीस माझ्या हातात परत दिला.

म्हणून सूट शिवताना तीन-सव्वातीन मीटरच्या सूटपीसबरोबर दुसऱ्या पॅन्टचं कापडही त्याच वेळी घ्या. पॅन्टच आधी झिजते, आणि वर्षानं तोच नंबर सांगून आणलेलं कापड नव्या रंगाईचं असू शकतं. ड्राय क्लीनिंगलाही कोट-पॅन्ट जोडीनं द्या, नाहीतर एक विटतो, एक नवा राहतो.

अंगात कसा बसावा याचे नियम दोन्हींना सारखेच. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. बाकी सगळं सैल-घट्ट करता येतं, खांदा नाही. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. दोन गुंड्यांच्या कोटाची वरची लावायची, खालची कधीच नाही, बसताना दोन्ही सोडायच्या. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग लावलीय कशाला खाली गुंडी?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

घ्यायचा कुठला? एकच परवडणार असेल तर गडद निळा किंवा करडा सूट. नुसता सूटचा कोट जीन्सवर घालून तो ब्लेझर होत नाही, जोडी चुकल्यासारखा दिसतो. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, डिसेंबरात संध्याकाळी वूलमिश्र कापड छान वाटतं. मे महिन्यातल्या मुहूर्तावर मात्र पॉलिस्टर अंगात नको, पाठ चिंब होते.

आणि एक. नव्या कोटाच्या पाठीमागची चीर पांढऱ्या दोऱ्याच्या फुलीनं टाचलेली असते, इस्त्री टिकावी म्हणून. बाहीवर कापडाची पट्टीही असते. दोन्ही उसवायची असतात. आमच्या चुलतभावाच्या रिसेप्शनला, मराठी-कन्नड कार्ड, 'आरतक्षते' (कन्नडातलं रिसेप्शन) वगैरे सगळं साग्रसंगीत, आणि नवरदेव स्टेजवर पाया पडायला वाकला की पाठीवरची ती फुली फोटोग्राफरच्या पडद्यावर हातभर मोठी. वहिनी अल्बम उघडला की अजून तिथंच बोट ठेवतात.