बांधकाम कामगार नोंदणी: अर्ज अडतो तो नव्वद दिवसांच्या दाखल्यावर

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय 18 ते 60 हवं आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. आधार, फोटो, रहिवासी आणि वयाचा पुरावा, बँक पासबुक एवढं बहुतेकांकडे असतं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा.

खरी अडचण 90 दिवसांच्या दाखल्याची. तो मालक किंवा ठेकेदार देतो, नाहीतर गावात ग्रामसेवक आणि शहरात पालिकेचा अधिकारी. ठेकेदार सही करायला बिचकतो. ग्रामसेवक म्हणतो, "तू कुठं कामाला होतास, मला काय माहीत?" यात कामगाराचा काय दोष? ज्याच्या हाताखाली घाम गाळला त्यानं हजेरीच लिहिली नाही, आणि पुरावा मात्र बिगाऱ्यानं आणायचा!

हे 90 दिवस सलग लागत नाहीत, एकाच ठेकेदाराकडेही लागत नाहीत. तीन साइटवरचे तीस-तीस दिवस धरले तरी चालतं. पण ते अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांतलेच हवेत. दोन वर्षांपूर्वीच्या बंगल्याचा दाखला कितीही खरा असला तरी उपयोगाचा नाही. दुसरी चूक तारखांची. दाखल्यावर '1 जानेवारी ते 31 मार्च' लिहिलं की जेमतेम 90 दिवस भरतात, पण एकही सुट्टी, एकही खाडा धरलेला नसतो. सुट्ट्या-खाड्यांसह कामाचा खरा, पूर्ण कालावधी लिहा आणि कामाचे दिवस वेगळे मोजून लिहा. सही-शिक्क्यासोबत जावक क्रमांक आणि तारीख बघूनच दाखला हातात घ्या. ऑनलाइन अर्जात ते भरावे लागतात, आणि त्यासाठी पुन्हा हेलपाटा म्हणजे एक रोज बुडाला.

म्हणून आजपासून खिशात छोटी वही ठेवा. तारीख, साइटचा पत्ता, किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो, पूर्ण हजेरी की अर्धी, एवढं एका ओळीत लिहा. पगाराच्या दिवशी मुकादमाची त्या पानावर सही घ्या, त्याच्या हजेरीवहीचा मोबाईलवर फोटो काढा. ही वही म्हणजे दाखला नव्हे, पण ती समोर ठेवली की सही मागताना तोंडी वाद घालावा लागत नाही.

एजंटाकडून पैसे देऊन खोटा दाखला घेऊ नका, बाबांनो. पडताळणीत तो उघडा पडला तर नोंदणी रद्द होते आणि गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो, फक्त एजंटावर नाही. नूतनीकरणालाही नव्यानं 90 दिवस दाखवावे लागतात, तेव्हा नोंदणी झाली म्हणून वही टाकून देऊ नका.