पॅकेट-लांबीच्या व्हेरिएबलचे नामकरण

पॅकेट-लांबीच्या व्हेरिएबलचे नामकरण : नेटवर्कवरून आलेल्या किंवा पाठवायच्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, लांबी ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात त्यांना नावे देण्याची, आणि एका नावाचा अर्थ सबंध कोडभर एकच राखण्याची पद्धत. पॅकेटला एकच एक लांबी नसते. मोजणी कुठून कुठपर्यंत केली, कोणत्या एककात केली आणि आकडा आपण मोजला की समोरच्याने लिहून पाठवला, यावर तो बदलतो. त्यामुळे नुसते ‘लेन’ (‘लेंग्थ’चे, म्हणजे लांबीचे, लघुरूप) असे नाव वाचणाऱ्याला फारसे काही सांगत नाही. पॅकेट उलगडणाऱ्या कोडमधल्या कितीतरी चुका आणि सुरक्षेतील छिद्रे दोन वेगळ्या लांब्या एकमेकींच्या जागी वापरल्याने झालेली आहेत, म्हणून या विषयाला कोडच्या टापटिपीपेक्षा जास्त वजन आहे.

गोंधळ मुळात प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांतच, आहे. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या मानकाने आयपीव्ही४ च्या (इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीच्या) हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीभागात, लांबीची दोन खाती (फील्ड) ठेवली. ‘टोटल लेंग्थ’ हे १६ बिटांचे असून ते हेडर आणि डेटा मिळून बाइटमध्ये मोजते, कमाल ६५,५३५. ‘आयएचएल’ हे ४ बिटांचे असून ते फक्त हेडर मोजते, तेही ३२ बिटांच्या शब्दांत. तिथे ५ लिहिले असेल तर हेडर २० बाइटचे, १५ असेल तर ६० बाइटचे. आयपीव्ही६ मध्ये ‘टोटल लेंग्थ’ जाऊन ‘पेलोड लेंग्थ’, म्हणजे हेडरामागच्या मजकुराची लांबी, आली. तिच्यात ४० बाइटचे मूळ हेडर धरत नाहीत, पण त्यामागची एक्स्टेन्शन हेडरे मात्र पेलोडमध्येच मोजतात. या हेडरांची स्वतःची लांबी बहुतेक वेळा ८ बाइटच्या एककात असते आणि तीत पहिले ८ बाइट वगळलेले असतात. ऑथेंटिकेशन हेडर याला अपवाद : तिथे ४ बाइटचे एकक धरून एकूणातून २ वजा करतात. आयपीवरून डेटा नेणाऱ्या यूडीपी आणि टीसीपी या प्रोटोकॉलांपैकी यूडीपीची लांबी स्वतःच्या ८ बाइटच्या हेडरासकट असते. टीसीपीला सेगमेंटच्या (त्याच्या तुकड्याच्या) लांबीचे खातेच नाही. आयपीच्या एकूण लांबीतून दोन्ही हेडरे वजा करून ती काढावी लागते.

आणखी आत शिरले तर मतभेद वाढत जातात. टीसीपी ऑप्शनमधला (हेडरातल्या ऐच्छिक जोडमाहितीतला) लांबीचा बाइट स्वतःला आणि प्रकाराच्या बाइटला धरून मोजतो, यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या ऑप्शनमधला दोघांना सोडून. नेटवर्कांमधले मार्ग कळवणाऱ्या बीजीपीच्या संदेशाची लांबी १९ बाइटच्या हेडरासह असते, संभाषण कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या रेकॉर्डची ५ बाइटच्या हेडराविना. टीसीपीसारख्याच एससीटीपी या प्रोटोकॉलमध्ये तुकड्याच्या लांबीत त्याचे हेडर येते, पण शेवटी ४ च्या पटीपर्यंत भरलेले रिकामे बाइट येत नाहीत. हे सगळे ‘लेंग्थ’ याच नावाने मानकांत लिहिलेले आहे. मानकातला शब्द जसाच्या तसा उचलून व्हेरिएबलला चिकटवला की त्या प्रोटोकॉलचा संकेतही न सांगता कोडमध्ये शिरतो, आणि शेजारच्या फाइलमध्ये दुसऱ्या प्रोटोकॉलचा उलटा संकेत त्याच नावाखाली बसलेला असतो.

एक साधे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. टीसीपीची नुसती पोच, म्हणजे डेटा नसलेला एसीके, आयपीव्ही४ वर २० अधिक २० असा ४० बाइटचा होतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये मात्र किमान ४६ बाइट भरावे लागतात, म्हणून शेवटी ६ बाइटची भर घातली जाते. ती फ्रेम पकडणाऱ्या यंत्रावर १४ बाइटचे इथरनेट हेडर धरून ६० बाइट दिसतात (तपासणीचे शेवटचे ४ बाइट बहुधा नेटवर्क कार्डच काढून टाकते). आता कोणी फ्रेमच्या ६० मधून १४, २० आणि २० वजा केले, तर ६ बाइटचा डेटा आल्याचे निघते. तो डेटा कोणीही पाठवलेला नाही. आयपीच्या एकूण लांबीतून, म्हणजे ४० मधून वजाबाकी केली तर बरोबर शून्य येते. तीच पोच पाठवणाऱ्या यंत्रावर पकडली तर बहुतेक वेळा ५४ बाइटच दिसते, कारण भर नंतर कार्ड घालते. त्यामुळे एका यंत्रावर चाचणी पास होते आणि दुसऱ्यावर फसते. इथे पहिल्या आकड्याला ‘फ्रेम_लेन’ आणि दुसऱ्याला ‘आयपी_टोटल_लेन’ म्हटले असते, तर चुकीची वजाबाकी लिहितानाच हात अडखळला असता.

पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्रॅमांना आणखी एक भेद पाळावा लागतो : तारेवर पॅकेट केवढे होते आणि आपल्या हाती त्यातले किती आले. पकडण्याची मर्यादा ‘स्नॅपलेन’ने ठरते. लिबपीकॅप ही लायब्ररी प्रत्येक पॅकेटबरोबर ‘कॅपलेन’ आणि ‘लेन’ असे दोन आकडे देते. पहिला हाती आलेल्या बाइटचा, दुसरा तारेवरच्या पूर्ण लांबीचा. मेमरी वाचताना पहिलाच ग्राह्य, प्रोटोकॉलचा हिशेब करताना दुसरा. यातले ‘कॅपलेन’ हे नाव आपला अर्थ सांगते. ‘लेन’ सांगत नाही, आणि नवखा माणूस नेमका तोच उचलून बफरच्या बाहेर वाचतो. पॅकेट तपासणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रॅमने हा धडा नावांत उतरवला आहे. तिथले पूर्वीचे नुसते ‘टीव्हीबी_लेंग्थ’ हे फंक्शन जाऊन ‘टीव्हीबी_कॅप्चर्ड_लेंग्थ’ आले, आणि ‘टीव्हीबी_रिपोर्टेड_लेंग्थ’ त्याच्या जोडीला आहे. आता दोहोंपैकी कोणती लांबी हवी हे ठरवल्याशिवाय ओळ लिहिताच येत नाही. माझ्या मते चांगल्या नावाकडून इतकीच अपेक्षा आहे आणि ती मोठी आहे.

लिनक्स कर्नलच्या ‘एसके_बफ’ या रचनेत ‘लेन’ म्हणजे पॅकेटमधला एकूण डेटा. ‘डेटा_लेन’ हे नाव वाचून कोणालाही पेलोड आठवेल, पण ते मुख्य सलग भागाबाहेर, वेगळ्या पानांत ठेवलेल्या डेटाची लांबी सांगते. सलग भागाची लांबी हवी तर दोघांची वजाबाकी करणारे ‘एसकेबी_हेडलेन’ वापरावे लागते. ‘एचडीआर_लेन’ ही हेडरची लांबी नसून क्लोन केलेल्या बफरमधल्या लिहिता येण्याजोग्या हेडरभागाची आहे. ‘ट्रूसाइझ’ हा मेमरीचा हिशेब, पॅकेटचा नव्हे. कर्नलमध्ये रोज काम करणाऱ्यांना हे पाठ असते. बाहेरून येणारा मात्र नावावर विश्वास ठेवतो, आणि ठेवायलाच हवा. नावे त्यासाठीच असतात.

बीएसडी या युनिक्स-वंशाच्या प्रणालीच्या जुन्या कोडमध्ये याहून अवघड प्रकार होता. ‘आयपी_लेन’ हे खाते पॅकेटबरोबर येताना नेटवर्कच्या बाइटक्रमात (मोठ्या किमतीचा बाइट आधी) असे. आयपीचा कोड ते त्याच जागी यंत्राच्या बाइटक्रमात फिरवी, आणि पॅकेट टीसीपी किंवा यूडीपीकडे सोपवण्याआधी त्यातून हेडरची लांबीही वजा करी. म्हणजे एकाच नावाचे तीन अर्थ, आणि कोणता चालू आहे हे आपण कोणत्या फंक्शनमध्ये उभे आहोत त्यावर अवलंबून. त्रुटीचा आयसीएमपी संदेश पाठवायचा झाला तर वजा केलेली लांबी परत मिळवून घ्यावी लागे. रॉ सॉकेट (आयपी पॅकेट थेट हाताळण्याची सोय) वापरणाऱ्या प्रोग्रॅमांनाही हा बदल दिसत असल्याने पिंग आणि ट्रेसरूटच्या कोडमध्ये त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागली. फ्रीबीएसडीने १० व्या आवृत्तीत कर्नलमध्ये हे खाते सदैव नेटवर्कच्या बाइटक्रमातच ठेवायचे ठरवले.

‘हार्टब्लीड’ हे छिद्र ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाले. मार्च २०१२ मध्ये आलेल्या, ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या १.०.१ आवृत्तीपासून ते कोडमध्ये होते. समोरचे यंत्र ‘हार्टबीट’ (जोडणी चालू आहे का हे पाहणाऱ्या) संदेशात थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवते, आणि तोच मजकूर त्याला परत करायचा असतो. कोडमध्ये या लांबीच्या व्हेरिएबलचे नाव होते ‘पेलोड’. खऱ्या पेलोडकडे दाखवणारा पॉइंटर होता ‘पीएल’. वरच्या टिपणीत ‘पेलोडची लांबी वाचा’ असे म्हटले होते, पण नावातून ‘लांबी’ गळाली होती. ती समोरच्याने केवळ सांगितलेली लांबी आहे, हे तर कुठेच नव्हते. प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डची लांबी वेगळ्या खात्यात तयार असूनही दोन्हींची तुलना झाली नाही, आणि एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत परकी मेमरी बाहेर जाऊ शकली. दुरुस्तीत लांबीच्या तुलना घातल्या गेल्या : प्रकाराचा १ बाइट, लांबीचे २, सांगितलेला मजकूर आणि भरीचे किमान १६ मिळून आलेल्या रेकॉर्डपेक्षा जास्त होत असतील, तर संदेश टाकून द्यायचा. दोष तपासणी विसरण्याचा होता, नावाचा नव्हे. पण ‘क्लेम्ड_पेलोड_लेन’ असे नाव असते, तर कोड तपासणाऱ्याला विचारायचा प्रश्न समोर दिसला असता.

प्रत्यक्षात पाळण्याजोगी शिस्त फार मोठी नाही. लांबीत हेडर धरले आहे की नाही हे नावात हवे : ‘टोटल’, ‘हेडर’, ‘पेलोड’ हे शब्द ठरलेल्या अर्थानेच वापरावेत. एकक बाइट नसेल तर ते नावात यावे. आयएचएल वाचल्याबरोबर ४ ने गुणून ‘आयपी_हेडर_बाइट्स’मध्ये ठेवावे आणि मूळचा ४ बिटांचा आकडा पुढे जाऊ देऊ नये. बाइटक्रमही पॅकेट आत येतानाच एकदा फिरवून नव्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा, जुन्यात नव्हे. एकक नावात घालण्याची कल्पना जुनी आहे : चार्ल्स सिमोनी यांच्या हंगेरियन पद्धतीत ‘सीबी’ म्हणजे बाइटची संख्या आणि ‘सीसीएच’ म्हणजे अक्षरांची, आणि विंडोजच्या एपीआयमध्ये ही उपसर्ग-नावे आजही दिसतात.

नाव मात्र कंपायलर तपासत नाही. यूडीपीच्या खात्यात ८ ऐवजी ४ लिहून कोणी पॅकेट पाठवले, तर त्यातून हेडरचे ८ वजा केल्यावर ३२ बिटांच्या बिनचिन्ह व्हेरिएबलमध्ये उणे ४ न येता ४,२९,४९,६७,२९२ येतात. त्या व्हेरिएबलला कितीही नेटके नाव दिले तरी वजाबाकीआधीची तुलना लिहावीच लागते. रस्टसारख्या भाषांत हेडरची लांबी आणि एकूण लांबी यांना वेगळे टाइप देऊन त्यांची सरमिसळ कंपायलरकडूनच अडवता येते. सी भाषेतही एका सदस्याच्या स्ट्रक्टने थोड्या कष्टाने ते साधते.

जुन्या कोडमध्ये नावे बदलताना तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवतात, म्हणजे वर्तन बदललेले नाही हे तपासणाऱ्याला पाहता येते. लायब्ररीच्या जाहीर रचनेतली नावे अशी बदलता येत नाहीत, कारण तिच्यावर बेतलेले सगळे प्रोग्रॅम मोडतील. लिबपीकॅपचे ‘लेन’ म्हणूनच टिकून आहे. ते वापरणाऱ्याने कॉलबॅकच्या (प्रत्येक पॅकेटसाठी लायब्ररी बोलावते त्या फंक्शनच्या) पहिल्याच ओळीत त्याची नोंद ‘वायर_लेन’ अशा आपल्या नावाने करून घ्यावी आणि पुढच्या ओळींत मूळ खाते वापरू नये.