साडेचारशे वॅट, पण कुठल्या तारेवर?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या कंप्युटरच्या दुकानात नव्या कंप्युटरचं कोटेशन मागा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती जीबी, एसएसडी कुठल्या कंपनीची, सगळं एकेका ओळीत नीट लिहून मिळतं. खाली कुठेतरी एक ओळ मात्र एवढीच असते : ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. कंपनी नाही, मॉडेल नाही, वॉरंटी नाही. ज्या डब्यातून बाकीच्या प्रत्येक भागाला वीज जाणार, तो हा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटच्या पत्र्याबरोबर आपोआप येतो. पैसे कमी पडले की पहिली कात्री इथेच लागते, कारण चांगला एसएमपीएस लावला म्हणून कंप्युटर वेगात चालत नाही.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याचं बजेट तंग आहे त्यानेच या ओळीवर अडून बसावं. हप्त्यावर कंप्युटर घेतलेल्या घराला जळलेला मदरबोर्ड दुसऱ्यांदा घेणं परवडत नाही. आणि अडून बसायला फार पैसे लागत नाहीत. जास्त वॅटचा मोह सोडून कमी वॅटचा, पण खरे वॅट देणारा डबा निवडायचा, एवढंच करायचं आहे.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडं पाहू. आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. २३० ही तिची एक प्रकारची सरासरी, शिखर साधारण ३२५ व्होल्टचं. एसएमपीएस आधी ही वीज एकाच दिशेची करतो आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच त्या ३२५ व्होल्टचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे पाडतो. एवढा खटाटोप कशासाठी? तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लहान व्हावा म्हणून. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मरचा लहान गाभा पुरतो. ५० हर्ट्झवर चारशे वॅट द्यायचे तर कित्येक किलोचा लोखंडी ठोकळा लागला असता. इथे मुठीत मावणारा फेराइट या चुंबकीय पदार्थाचा तुकडा तेच काम करतो. त्यातून शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारा निघतात. बाहेर किती व्होल्ट निघताहेत यावर एक छोटं सर्किट सतत नजर ठेवतं आणि त्यानुसार स्विच किती वेळ चालू राहील ते ठरवतं. ही नजर चुकली, की पुढचं सगळं धोक्यात.

आता लेबल वाचू. ठळक अक्षरात ४५० छापलेलं असतं, ते सोडून द्या. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला १२ ने गुणा. एखाद्या डब्यावर १४ अँपिअर असतील, तर त्या तारेवर फक्त १६८ वॅट मिळणार. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर मांडलेले असतात, आणि त्या तारांवर आजच्या कंप्युटरला फारसं काही लागत नाही. पूर्वी लागायचं. पेंटियम ३ च्या काळापर्यंत प्रोसेसरची वीज प्रामुख्याने या लहान व्होल्टच्या तारांवरून यायची. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्याबरोबर मदरबोर्डवर चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला, आणि तेव्हापासून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. स्वस्त डब्यांतली मांडणी बऱ्याचदा त्या जुन्या काळाचीच राहिलेली असते. प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ३६ च्या आसपास अँपिअर दिसतात, म्हणजे ४३२ वॅट.

गरज किती असते? अभ्यास, ऑफिसचं काम आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंग यांसाठी रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला, तर तो पूर्ण ताणावर ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे ४०-५० धरा. झाले दीडशेच्या आत. पुढे आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड बसवलं तरी एकूण तीनशेच्या थोडं वर. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, म्हणून वर मोकळी जागा हवी, आणि कार्डाची कंपनी एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅट सुचवते तेही रास्तच आहे. पण कार्ड घ्यायचंच नसेल तर खरा ४०० किंवा ४५० वॅटचा डबा अनेक वर्षं पुरतो. ‘साडेसातशेचा घ्या, पुढे कामाला येईल’ या सल्ल्याने चांगले पैसे वाईट डब्यात जातात.

लेबल कनेक्टरशीही ताडून पाहा. पाचशे वॅटचा दावा करणाऱ्या डब्यातून ग्राफिक्स कार्डासाठी सहा किंवा आठ पिनांची एकही तार निघत नसेल, तर बनवणाऱ्यालाच त्या पाचशेवर भरवसा नव्हता असं समजा. आठ पिनांच्या त्या एका कनेक्टरवर १५० वॅट अपेक्षित असतात, सहा पिनांच्या कनेक्टरवर ७५.

छापलेला वॅटचा आकडा कोणत्या तापमानाला खरा, हा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा. काही डबे २५ अंशांवर मोजलेले असतात, चांगले ४० किंवा ५० अंशांवर. मे महिन्यात दादरच्या बंद खोलीत ३३-३४ अंश असतात आणि कॅबिनेटच्या आत त्याहून बरेच जास्त. २५ अंशांची परिस्थिती इथे फक्त एसीत मिळते.

उष्णतेचा मोठा घाव कपॅसिटरवर पडतो. एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक जातीचे, म्हणजे आत रसायनाने भिजवलेला कागद. ते रसायन उष्णतेने हळूहळू उडून जातं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. स्वस्त डब्यात ८५ अंशांच्या दर्जाचे कपॅसिटर सापडतात, चांगल्यात १०५ अंशांचे. समजा दोघांवरही आपापल्या दर्जाच्या तापमानाला २००० तासांचं आयुष्य लिहिलंय आणि आत प्रत्यक्षात ६५ अंश आहेत. पहिला २० अंश खाली चालतोय, म्हणजे चौपट, ८००० तास. दुसरा ४० अंश खाली, म्हणजे सोळापट, ३२,००० तास. रोज आठ तास कंप्युटर चालणाऱ्या घरात पहिला पावणेतीन वर्षांत थकतो आणि दुसरा जवळपास ११ वर्षं चालतो. दुकानदार खरेदीच्या वेळी दोन्ही डबे लावून दाखवेल आणि दोन्ही सारखेच चालतील. फरक तिसऱ्या वर्षी दिसतो, तेव्हा कंप्युटर मधूनच रिस्टार्ट होऊ लागतो आणि आपण विंडोज पुन्हा टाकत बसतो.

कपॅसिटर थकला की नेमकं काय बिघडतं? १२ व्होल्टच्या सपाट रेषेवर लहरी उमटू लागतात. कंप्युटरच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्टच असावेत आणि लहर १२० मिलिव्होल्टच्या आत असावी. मल्टिमीटरने पहिली गोष्ट घरी तपासता येते, तीही कंप्युटर ताणावर असताना. रिकामा चालणारा डबा काहीही चांगलं दाखवेल. लहरी मात्र ऑसिलोस्कोप या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय दिसत नाहीत, म्हणून परीक्षण करणारे लोक त्यांचे आलेख छापतात, ते मॉडेलच्या नावाने शोधून जरूर पाहावेत. एक गोष्ट कळकळीने सांगतो, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतात.

त्याच कपॅसिटरचं आणखी एक काम आहे. पालिकेचं पाणी गेलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळ काही वेळ चालतो, तशी वीज क्षणभर गेली तर हा कपॅसिटर कंप्युटरला तगवून धरतो. घरगुती यूपीएसला लाइनवरून बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. एटीएक्सच्या जुन्या मार्गदर्शिकेत पूर्ण भारावर किमान १६ मिलिसेकंद तगून राहण्याची अट होती, म्हणजे चांगल्या डब्याला हे अंतर सहज पार करता येतं. ३३० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला सुमारे १७ ज्यूल ऊर्जा असते. तीनशे वॅट म्हणजे सेकंदाला तीनशे ज्यूल. शिवाय व्होल्टेज फार खाली गेलं की उरलेली ऊर्जा वापरता येत नाही, म्हणजे हातात मोजकीच असते. आता बनवणाऱ्याने काही रुपये वाचवण्यासाठी कपॅसिटर एक तृतीयांश आकाराचा टाकला, तर यूपीएस चालू होईपर्यंत कंप्युटर बंद झालेला असतो. अशा वेळी लोक यूपीएस दुरुस्तीला नेतात. दुरुस्तीवाला तो तपासतो, ठीक असल्याचं सांगतो, आणि कोडं तसंच राहतं.

मुंबईची वीज राज्याच्या मानाने भरवशाची आहे. १२ ऑक्टोबर २०२० सारखी अख्खं शहर बंद पाडणारी सकाळ विरळाच. पण इमारतीची जुनी वायरिंग, लिफ्ट सुरू होताना मंद होणारे दिवे आणि पावसाळ्यात क्षणभर जाणारी वीज या गोष्टी कुठल्याही वीज कंपनीच्या हातात नाहीत. पलीकडे वांगणी-कर्जतच्या बाजूला व्होल्टेज उतरत असेल, तर लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेला डबा घ्यावा. २००-२४० वाला तिथे अडखळेल.

जुन्या चाळींत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात.’ लोक एसएमपीएसला दोष देतात. पण ही गोष्ट बहुतेक वेळा चांगल्या डब्यातही होते, कारण विजेतला गोंगाट गाळण्यासाठी त्यात फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर तिथे काहीच जाणवत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह इतका क्षीण की मुंग्यांपलीकडे सहसा जात नाही, पण खरंच आत एखादी तार पत्र्याला टेकली तर वाचवणारं काही उरत नाही. एसएमपीएस बदलून हे जात नाही. परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या, आणि तिसरी पिन काढलेला प्लग किंवा टू-पिन अडॅप्टर वापरू नका. नव्या डब्यापेक्षा हा खर्च आधीचा.

‘८० प्लस’च्या बिल्ल्याबद्दल बराच गैरसमज आहे. हा बिल्ला कार्यक्षमतेचा, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कंप्युटरपर्यंत पोचते याचा, मजबुतीचा नाही. २३० व्होल्टवर निम्म्या भाराला ब्राँझ ८८ टक्के, गोल्ड ९२ टक्के. १५० वॅटचा कंप्युटर रोज पाच तास चालला तर गोल्डमुळे महिन्याला सुमारे एक युनिट वाचतं. युनिट १० रुपयांचं धरलं तरी दहा-अकरा रुपये. तंग बजेटात त्यासाठी हजार-दीड हजार जास्त मोजू नयेत. ७५ टक्क्यांच्या लोकल डब्यावरून ब्राँझवर आलात तर मात्र महिन्याला जवळपास साडेचार युनिट वाचतात, आणि ती वाचलेली वीज कॅबिनेटमध्ये उष्णता बनत नाही हा त्याहून मोठा फायदा.

मजबुतीचा अंदाज मला वॉरंटीवरून घ्यायला आवडतो, कारण तिथे कंपनीचा स्वतःचा पैसा लागलेला असतो. कॉर्सेअर या एकाच कंपनीच्या सीव्ही मालिकेला ३ वर्षं, सीएक्सला ५ आणि आरएमएक्सला १० वर्षं वॉरंटी आहे. आपला कुठला डबा किती टिकेल याबद्दल कंपनीला काय वाटतं ते यात उघड दिसतं. पाच वर्षांची वॉरंटी असलेला ब्राँझ ४५० वॅट हा माझ्या मते तंग बजेटाचा योग्य मुक्काम. संरक्षणांच्या यादीत जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान ही चारही असावीत. नजर ठेवणारं सर्किट बिघडलं तर १२ व्होल्टची तार चढत जाते; संरक्षण असलेला डबा तिथेच बंद पडतो, नसलेला मदरबोर्डला बरोबर घेऊन जातो. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर असेल तर तो बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते दुकानातच बघता येतं. सुट्या होणाऱ्या तारा, रंगीत दिवे यांवर एक रुपयाही घालवू नका.

त्याहूनही कमी पैसे असतील तर? मोठ्या कंपन्यांच्या जुन्या ऑफिस कंप्युटरमधले एसएमपीएस बाजारात मिळतात आणि त्यांची बांधणी कित्येकदा नव्या लोकल डब्यापेक्षा सरस असते. पण त्यांचा आकार आणि मदरबोर्डचा कनेक्टर अनेकदा त्या कंपनीपुरताच असतो, म्हणून एकटा डबा न घेता अख्खा जुना कंप्युटर घेणं शहाणपणाचं. सुट्या तारांचा जुना डबा घेतलात तर तारा त्याच्याच घ्या; दुसऱ्या मॉडेलच्या तारेचा प्लग बरोबर बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क गेली.

नवा घेत असाल तर कोटेशनवर मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि जीएसटी बिलावर सिरीयल नंबर टाकून घ्या. पाचव्या वर्षी वॉरंटी मागायला गेलात की तोच नंबर आधी विचारतात.