दलालीतला वाटा घर घेणाऱ्याला कसा मिळतो: वडोदऱ्यातली पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

भायली, सेवासी किंवा गोत्रीच्या नव्या स्कीमच्या, म्हणजे गृहप्रकल्पाच्या, ऑफिसात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कोणाच्या थ्रू आलात?" बरेच जण "असेच, बोर्ड बघून" म्हणतात, वहीत नाव-मोबाईल लिहितात आणि सॅम्पल हाऊस बघायला वर जातात. दलालीतून काही परत मिळायची शक्यता त्या वहीतच संपते. तुमचं नाव थेट ग्राहक म्हणून चढलं की नंतर दलाल नेलात तरी बिल्डर सहसा त्याला दलाली देत नाही; आणि त्यालाच मिळणार नसेल तर तो तुम्हाला कुठून देणार? म्हणून आधी दलालाशी लेखी ठरवायचं, मग साइट बघायची.

ही सरकारी योजना नाही. छापील फॉर्म नाही, अर्ज द्यायला खिडकीही नाही. २०१६ चा रेरा कायदा (घरबांधणी आणि घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा) दलालाची नोंदणी सक्तीची करतो, पण त्यानं ग्राहकाला किती परत द्यावं याबद्दल तो काही सांगत नाही. जे मिळेल ते आपसांतल्या करारानं.

पात्र कोण

नव्या स्कीममध्ये दलाली बिल्डर देतो, ग्राहक नाही. तिथे परतावा मागता येतो तो तीन गोष्टी जुळल्या तर: पहिल्या भेटीत तुमचं नाव त्याच दलालाच्या नावे नोंदलेलं हवं, दलाल रेरात नोंदलेला हवा, आणि बिल्डर-दलाल यांच्या करारात ग्राहकाला वाटा द्यायला मनाई नसावी. ही तिसरी गोष्ट दलालाला सरळ विचारा. "त्यांना कळू न देता करू" असं उत्तर आलं तर दुसरा दलाल बघा, कारण लपवलेल्या व्यवहाराचं पत्र तो पुढे कोणालाच दाखवू देणार नाही.

नोंदणी गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तपासता येते. दलालाचा क्रमांक 'एजी/जीजे'नं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पीआर/जीजे'नं. दोन्ही बघायचे, आणि दलालाच्या नोंदणीची मुदत संपलेली नाही ना तेही. नोंदणीशिवाय रेरा प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या दलालाला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

रिसेलमध्ये गणित वेगळं. तिथे दलाल दोन्ही बाजूंकडून घेतो, आपल्याकडे साधारण एकेक टक्का. तेव्हा परतावा मागू नका, बिलच कमी करून घ्या. ६० लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे ६०,००० आणि दलाल जीएसटीत असेल तर वर १८ टक्क्यांनी १०,८००. अर्ध्या टक्क्याचं बिल झालं तर ३०,००० आणि जीएसटी ५,४००. पूर्ण बिल भरून नंतर ३०,००० हातात परत घेतले तर जास्तीचा जीएसटी तुमच्याच खिशातून गेलेला असतो.

परतावा घ्यावा की भाव कमी करावा

माझं मत भाव कमी करून घेण्याच्या बाजूनं आहे, अर्थात बिल्डर तयार असेल तर. समजा ६० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट, दलाली २ टक्के, म्हणजे १,२०,०००. त्यातले अर्धे, ६०,०००, तुम्हाला मिळायचे. दलाल हे बुकिंगनंतर देणार. दस्तावेजात किंमत ६० लाखच राहणार. पण बिल्डरनं तेच ६०,००० किमतीतून वजा केले तर ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटीचे २,९४०, एक टक्का नोंदणी फीचे ६०० आणि ५ टक्के जीएसटीचे ३,००० असे आणखी ६,५४० रुपये वाचतात. जंत्रीची (सरकारनं ठरवलेल्या दरानं येणारी) किंमत दस्तावेजापेक्षा जास्त असेल तर स्टॅम्प ड्युटी जंत्रीवरच लागते, मग तेवढी बचत होत नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर गुजरातमध्ये नोंदणी फी माफच आहे.

पत्र आणि कागद

दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या आपल्या माणसांना ओळखीच्या दलालाकडे लेखी मागायला संकोच वाटतो. पुढे भांडण होतं ते तिथेच. दलालाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, साइट बघण्याआधीच्या तारखेचं पत्र हवं. त्यात त्याचा रेरा क्रमांक, स्कीमचं नाव, परताव्याची टक्केवारी आणि ती कशावर मोजायची ते यायला हवं. वाद याच शेवटच्या मुद्द्यावर होतो: बिल्डर सहसा दलाली मूळ किमतीवर देतो, पार्किंग, मेंटेनन्स डिपॉझिट, वीजजोडणी, जीएसटी त्यात धरत नाही. बुकिंग रद्द झालं तर काय, हेही लिहून घ्या.

पैसे कधी, याची मुदत "बिल्डरकडून दलाली जमा झाल्यापासून १५ दिवसांत" अशी बांधून घ्यावी. दलालाला पैसे सहसा बानाखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, नोंदल्यावर किंवा ठरावीक हप्ते भरल्यावरच मिळतात, त्यामुळे परतावा काही महिन्यांनी येतो. बँकेला दाखवायच्या तुमच्या हिश्शाच्या रकमेत तो धरू नका. आणि बानाखत नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला द्यायची नाही. रेरा कायद्यानं तो ती मागूही शकत नाही.

दलाल तुमच्याकडून पॅन, रद्द केलेला चेक, बुकिंग फॉर्म आणि बानाखताची प्रत मागेल. तुम्ही पैसे खात्यातच घ्या. रोखीत देणारा दलाल पूर्ण दलालीवरचा कर स्वतः भरून वर तुम्हाला देईल, हे फारसं संभवत नाही. विवरणपत्र भरताना हे पत्र सीएला दाखवा.

दलालानं टाळाटाळ केली तर आधी पत्राचा हवाला देऊन लेखी नोटीस. खोटी माहिती देऊन किंवा नोंदणीशिवाय घर विकलं असेल तर गांधीनगरच्या गुजरेराकडे तक्रार करता येते. रिसेलमध्ये दलाली तुम्ही स्वतः भरलेली असते, तिथे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

वडोदऱ्यातल्या अनेक घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना हे सगळं लागू नाही. तिथे परताव्याचा कायदा राज्यागणिक बदलतो: टेनेसी, ओरेगॉन, कॅन्ससमध्ये बंदी आहे, न्यू जर्सीनं २०१० मध्ये परवानगी दिली, पण दलालाशी संबंध सुरू होतानाच लेखी करार करण्याची अट घालून. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांना घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. मुलानं परताव्याची ओळ त्याच करारात घालून घ्यावी आणि कर्ज देणाऱ्या बँकेला ती आधी दाखवावी.