ऑटोट्यून लावलं की कुणीही गायक होतो?

"बटण दाबलं की बेसूर माणूसपण सुरात गातो, हिपहॉप-आरएनबीवाल्यांना गाताच येत नाही" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. पटतोही, कारण ट्रॅपमधला (हिपहॉपचाच एक प्रकार) तो रोबोटी आवाज खरंच मशीनचा वाटतो.

पण १९९७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर करतं काय, तर गायलेला सूर मोजतं आणि प्रोड्युसरने निवडलेल्या स्केलमधल्या, म्हणजे सुरांच्या संचातल्या, सगळ्यात जवळच्या सुरावर नेऊन बसवतं, बस. आता समजा सगळे बारा सूर चालू आहेत, तुम्हाला सा लावायचाय आणि आवाज कोमल रेच्या जास्त जवळ गेला, तर ते तुम्हाला कोमल रेवरच पक्कं बसवणार, म्हणजे चूक उलट जास्त ठळक! ताल, श्वास, शब्दफेक यातलं काहीच ते सुधारत नाही, ते परत गाऊन घ्यावं लागतं नाहीतर इंजिनियर एडिट करत बसतो. आणि रोबोटी आवाज हवा म्हणून रीट्यून स्पीड (सूर किती झटकन ओढायचा ते सेटिंग, शून्य म्हणजे सगळ्यात झटपट) मुद्दाम शून्यावर ठेवतात, लपवायचंच असेल तर सेटिंग हळू ठेवतात, मग सहसा कळतही नाही.

खात्री करायचीय? लॅपटॉपवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही फुकटचं पिच करेक्शन (सूर दुरुस्त करणारं) प्लगइन टाका, स्केल क्रोमॅटिक, म्हणजे सगळे बारा सूर चालू, ठेवा, एक ओळ नीट गा, तीच मुद्दाम भरकटून गा आणि दोन्ही हेडफोनवर ऐका.