माँटेसरी आणि वॉल्डॉर्फ एकच का? करवंटी देऊन बघा

नर्सरीच्या ॲडमिशन सुरू झाल्या की आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, माँटेसरी आणि वॉल्डॉर्फ म्हणजे एकच ना हो? फोटो बघितले तर तसं वाटणारच, दोन्हीकडे लाकडाच्या वस्तू, प्लॅस्टिक जवळजवळ नाही, स्क्रीन नाही, आणि एवढीएवढी पोरं स्वतःच्या हाताने केळं कापतायत नाहीतर टेबल पुसतायत. पण लहान मुलांना शिकवायच्या या दोन पद्धतींचं बिनसतं ते नेमकं कल्पनेवरून, आणि तेही अगदी मुळापासून.

साधी नारळाची करवंटी घ्या, गोव्यात ती काय कुठेही मिळते. माँटेसरीच्या वर्गात ती एका ट्रेमध्ये दिसेल, एकीत तांदूळ, दुसरी रिकामी, मधे एक चमचा. टीचर एकदा सावकाश करून दाखवणार, फारसं न बोलता, आणि मग मूल ते तांदूळ इकडून तिकडे करत बसणार, सांडले तर स्वतः गोळा करणार, झालं की ट्रे परत त्याच जागी नेऊन ठेवणार. वॉल्डॉर्फच्या वर्गात त्याच करवंट्या एका टोपलीत पडलेल्या असतात, सोबत शिंपले, लाकडाचे ओंडके, रंगीत कापडं. काय करायचं ते कुणी सांगत नाही. सकाळी ती करवंटी पेज वाढायची वाटी, थोड्या वेळाने सांजांवची (गोव्यातला पावसाळ्यातला सण) होडी, मग कुणाची तरी टोपी. म्हणजे आपली भातुकलीच, फक्त शाळेने ती मुद्दाम सांभाळलेली. बाहुल्यांना नाकडोळेसुद्धा नावापुरते ठेवतात, बाहुली हसतेय की रडतेय हे मुलाने ठरवावं म्हणून.

मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं आणि तिथे त्यांना दिसलं की खेळण्यांपेक्षा मुलं खऱ्या कामाकडे जास्त ओढली जातात. म्हणून लहान वयात त्यांनी पऱ्या-राक्षसांपेक्षा खऱ्या जगावर भर दिला, आधी हाताला खरं पाणी, खरी काच, खरं वजन कळू दे, कल्पना त्यावरच उभी राहते. रुडॉल्फ स्टायनर तत्त्वज्ञ, त्यांची पहिली शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली (हो, बालशिक्षणातलं हे नाव सिगारेटवरून आलंय!). त्यांचं म्हणणं, पहिली सात वर्षं मूल नकलेतून शिकतं, त्याला लवकर अक्षरांना जुंपू नका. त्यामागे त्यांचा एक आध्यात्मिक विचारही आहे, तो सगळ्यांना पटेलच असं नाही, मला तरी पूर्ण पटत नाही, पण वर्ग चांगला चालतो तेव्हा खूप निवांत असतो हे मान्य.

आपल्या मराठी लोकांना माँटेसरी जवळची वाटते त्याला कारण आहे. बाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्याच्याही आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत आपल्या परिस्थितीला वळवायला घेतली होती, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला ती आदिवासी पाड्यांवर, अंगणात घेऊन गेल्या, महागड्या साहित्याऐवजी बिया, दगड, पानं वापरून.

आता कम्युनिटी आणि सेवा, म्हणजे मुलं एकत्र कशी राहतात आणि एकमेकांसाठी काय करतात ते. माँटेसरीत ३ ते ६ वयाची मुलं एकाच वर्गात आणि प्रत्येक साहित्य एकच, गुलाबी मनोरा (एकावर एक रचायचे लाकडी ठोकळे) एकच, तो दुसऱ्याकडे असेल तर थांबा. हे कंजूषपणाने नाही, मुद्दाम. मोठं मूल धाकट्याला बुटाची लेस बांधायला शिकवतं, ती तिथली सेवा. वॉल्डॉर्फमध्ये एकत्र येणं हे ठरलेल्या लयीतून होतं, गोल करून गाणी, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी पाव मळणं, सगळ्यांनी मिळून जेवणं, तीच गोष्ट बरेच दिवस रोज सांगणं, आणि सण. टीचर शिवतेय, भाजी चिरतेय, आणि मुलं आपणहून येऊन चिकटतात.

आपल्या गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगलेली चौकट असते, त्या माटोळीत हे दोन्ही एकदम दिसतं बघा. चार वर्षांचं पोर सुपारीचा घोस उचलून काकांच्या हातात देतंय, एखादी गाठ मारायला धडपडतंय, ते माँटेसरीबाईंना आवडलं असतं. आणि त्याच माटोळीखाली आडवं पडून टांगलेली कांगलां आणि हरणां, म्हणजे रानातली फळं-फुलं, बघत ते स्वतःशीच जंगलाची गोष्ट रचतंय, त्याला उठवू नका असं स्टायनर म्हणाले असते.

खरा वैताग तिसऱ्याच गोष्टीचा आहे. बोर्डावर माँटेसरी कुणीही लिहितं, आत मात्र बाकांवर बसून एबीसीडी आणि वर्षातून एकदा कम्युनिटी हेल्पर डे, म्हणजे भाड्याचा डॉक्टरचा कोट, फोटो, घरी. ही सेवा नव्हे, फॅन्सी ड्रेस आहे. शाळा बघायला जाल तेव्हा पाणी सांडलं की कोण पुसतं ते बघा. मावशी धावत आल्या तर बोर्डावर काहीही असो.

आणि निवडताना पहिलीत कुठे घालणार तेही डोक्यात असू द्या. माँटेसरीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणं साडेतीन-चारच्या सुमाराला सुरू होतं, वॉल्डॉर्फमध्ये लिहिणं-वाचणं सहा-सातच्या आधी नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ हा सलग पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळावरच भर आहे, पण पहिलीच्या बाईंनी वाचता येतंच असं धरून सुरुवात केली तर वॉल्डॉर्फच्या मुलाला पहिले काही महिने जड जातात, तेव्हा त्या शाळेत आधी जाऊन हे स्पष्ट विचारून घ्या.