कोबी सगळ्यांना सारखा लागत नाही

पानात कोबीची भाजी पडली की एक मूल मुकाट खातं आणि दुसरं नाक मुरडतं. दुसऱ्याला ‘नखरे पुरे’ म्हणून दटावायची आपली जुनी रीत. काही वेळा ते नखरे असतातही. पण काही वेळा त्या दोघांच्या जिभेला खरोखरच दोन वेगळ्या चवी कळत असतात.

हे कळलं अपघाताने. १९३१च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ पीटीसी नावाच्या पदार्थाची भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. पुढे घराघरांतून चाचण्या झाल्या आणि हा गुण आनुवंशिक निघाला. त्यामागचं जनुक, टीएएस२आर३८, सापडायला मात्र २००३ साल उजाडलं.

कडू चव ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहक प्रथिनं आपल्याकडे असतात. त्यातलं एक हे जनुक बनवतं. त्या प्रथिनात ४९, २६२ आणि २९६ या तीन जागी कोणती अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, बसली आहेत, यावर बरंच काही ठरतं. प्रोलीन, अलानीन, व्हॅलीन असा क्रम असेल तर पीटीसी त्याला घट्ट पकडतं. मग पेशीत गस्टड्यूसिन हे निरोप पुढे नेणारं प्रथिन जागं होतं, साठ्यातलं कॅल्शियम सुटतं, टीआरपीएम५ हे पेशीच्या आवरणातलं दार उघडतं आणि चेतातंतूला ‘कडू’ असा निरोप जातो. अलानीन, व्हॅलीन, आयसोल्यूसीन असा क्रम असेल तर पहिली पायरीच घडत नाही. जनुकाच्या दोन प्रती आईवडिलांकडून येतात. दोन्ही पहिल्या प्रकारच्या असल्या तर पीटीसी जहाल कडू लागतं, दोन्ही दुसऱ्या असल्या तर जवळपास लागतच नाही. एकेक असेल तर मात्र माणसामाणसांत फार फरक दिसतो, कारण कोणती प्रत किती प्रथिन बनवते तेही बदलतं. एवढ्यावरून थुंकी तपासून आहाराचा तक्ता देणारी किटं विकणं म्हणजे निव्वळ धंदा. सवय, वास, घरची चूल, खिसा यांचा हिशेब त्यात कुठेच नसतो.

पीटीसी भाजीत नसतं, पण तशाच रचनेची गंधकयुक्त संयुगं कोबी आणि मोहरीच्या कुळात तयार होतात. तयार होतात, कारण अखंड पानात ती ज्यापासून बनतात तो मूळ पदार्थ आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरलं की दोन्ही भेटतात. म्हणून कोबी चिरून तासभर ठेवू नये, लगेच चरचरीत फोडणीत टाकावा म्हणजे विकर उष्णतेने निकामी होतं. पण उकडून उकडून लगदा केला तर गंधकाचा वास सुटतो आणि जे मूल चवीला वैतागलं नव्हतं ते वासाला वैतागतं.

कारल्याचं कडूपण वेगळ्या संयुगांचं. त्यामुळे कोबीला नाक मुरडणारा कारलं आवडीने खाऊ शकतो. पाव किलो कारल्याच्या चकत्यांना एक चहाचा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवलं की पाणी सुटतं आणि पिळताना काही कडू द्रव्यं त्याबरोबर निघून जातात. मिठाचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. त्यातला सोडियम काही कडू पदार्थांची जाणीव जिभेवरच दाबतो, आणि कडू दबलं की गूळ आपोआप जास्त गोड लागतो. चकत्या नळाखाली खळखळून धुतल्या तर हा फायदा पाण्यात जातो. नुसत्या पिळाव्यात आणि वरून मीठ बेताने घालावं. खात्री करायची असेल तर कोऱ्या कडक कॉफीचे दोन कप घेऊन एकात अगदी चिमूटभर मीठ टाकून पाहा.

मुलांच्या बाबतीत नवी भाजी दहा-पंधरा वेळा, घासभरच, आग्रहाशिवाय समोर यावी लागते. दोनदा नकार आला की आपण सोडून देतो, किंवा जबरदस्ती करून त्या भाजीशी रडणं कायमचं जोडून टाकतो.

एका बाबतीत मात्र नाक मुरडणाऱ्याचंच ऐकावं. ‘कडू ते औषधी, रक्त शुद्ध करतं’ म्हणत काही जण कडू निघालेल्या दुधीचाही रस पितात. त्यातलं क्युकरबिटासिन विषारी असतं. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं, आणि २०१०मध्ये दिल्लीत अशा रसाने मृत्यूही झाला. हे द्रव्य शिजवून नष्ट होत नाही, मीठ लावून पिळलं तरी पुरेसं निघत नाही. दुधी चिरताना आधी एक कच्ची फोड जिभेला लावायची, कडू लागली तर थुंकून चूळ भरायची आणि अख्खा दुधी टाकून द्यायचा.